निजलेला डोह

मंगळीला नसत्या चौकशांची खोड होती. आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून पाहिलं, पण खोड काही गेली नाही. खेकडा आडवाच का चालतो, मरळ चिखलात गाडून घेते तेव्हा श्वास कुठून घेते, शिंगटीचा काटा बोटाला लागतो तर कळ खांद्यात का उठते, असलं काहीबाही ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. उत्तर मिळालं नाही तर लुगडं खोचून स्वतः पाण्यात उतरायची. वाडीतली माणसं म्हणायची, "आपल्याला खायाला मासा पायजे, आन् हिला त्याच्या सात पिढ्या मायती पायजेत."

ही कातकऱ्यांची वाडी पाताळगंगेच्या काठी होती, शिळफाट्याच्या खालच्या अंगाला. तिथं नदीच्या वळणावर एक डोह होता. पावसाळ्यात नदी आणि डोह वेगळे ओळखू येत नसत. दिवाळी सरली की नदी आटत जाई, डोह तिच्यापासून सुटे आणि पाणी जागच्या जागी उभं राही. पौषातली थंडी त्या उभ्या पाण्यात मुरली की आतले खवल मासे दगडांच्या कपारीत जाऊन गपगार पडत.

तोवर डोहाला कोणी हात लावायचा नाही, अशी वाडीची रीत होती. थंडी पडली की एकच बाई सकाळच्या धुक्यात आत उतरायची. कपारीत हात घालून माशाच्या पोटाखाली हळूच तळवा न्यायची. मासा सळकन निसटला, तर डोह अजून जागा. तळहातावर तसाच पडून राहिला, तर डोह निजला. मग तिनं हाक द्यायची, "डोह निजला गं!" आणि सगळी वाडी टोपल्या घेऊन खाली यायची. डोहाचं तोंड दगडमातीनं बांधायचं, पाणी उपसायचं, आणि दुसऱ्या दिवशी चिखलातनं हातांनी मासे वेचायचे. पहिला मासा मात्र साती आसरांचा. डोहात राहणाऱ्या त्या सातजणींचा वाटा त्यांना परत सोडायचा.

हाक द्यायचा हा मान मंगळीच्या आईचा होता, आईमागून तो मंगळीकडे आला. पुढं तो लेकीला, चिंधीला द्यायचा, एवढंच मंगळीच्या मनात होतं. शेत नाही, सोन्याचा डाग नाही, गोठ्यात शेळी नाही. लेकीला द्यायला तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

आणि नेमकं तेच पाण्यात जायची वेळ आली. ते पहिल्या मोठ्या लढाईचे दिवस होते. खोपोलीला डोंगराच्या पायथ्याशी वीजघर उभं राहिलं. घाटमाथ्यावरचं पाणी जाडजूड नळांतून खाली यायला लागलं आणि वीजघरातून सुटून नदीत पडायला लागलं. भर हिवाळ्यात पाताळगंगा वाहती झाली. खालच्या गावांतल्या बागायतवाल्यांना आनंद झाला, पण डोह काही नदीपासून सुटेना आणि त्यातलं पाणी काही निजेना. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, आणि मंगळीची हाक घशातच राहिली.

वाडीचा नाईक गोमा म्हणजे मंगळीचा दीर. त्यानं सांगितलं, आसरा कोपल्या. त्यानं काठावर कोंबडं कापलं. कोंबडं पोटात गेलं, पाणी जिथल्या तिथं. मंगळीला हे उत्तर पटलं नाही.

"कोपल्या तर कोनावर कोपल्या, भावजी?" तिनं विचारलं. "आपुन काय केलं त्यांचं?"

"तुझं त्वांड ऐकून कोपल्या आसतील," गोमा म्हणाला. वाडी हसली.

मंगळी हसली नाही. तिनं काठाला खुणेचे दगड लावले आणि रोज जाऊन बघायला लागली. नदी मनाला येईल तशी वागत नव्हती. आठवड्यात एखादा दिवस ती उतरे, डोह जेमतेम सुटे, की दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा हजर. एवढ्यानं मासा कुठला निजायला! पण कधीमधी ती लागोपाठ दोन-तीन दिवस उतरलेली राही, अगदी जुन्या दिवसांसारखी. हे कधी होतं याचा मंगळीनं छडा लावायचं ठरवलं, आणि लावलासुद्धा. फक्त तो भलत्याच माणसाच्या दारी जाऊन थांबला.

पलीकडच्या गावात अंबाबाई नावाची कुणबीण होती. मंगळी तिच्याकडे लाकडाची मोळी टाकायची आणि पदरात तांदूळ घेऊन यायची. अंबाबाईचा मुलगा धाकलू मुंबईला सूतगिरणीत होता. सणावाराला घरी यायचा, दोन दिवस राहून परत जायचा. मंगळीच्या लक्षात आलं की धाकलू घरी असला की नदी उतरते. शिमग्याला आला, उतरली. पाडव्याला आला, उतरली. दिवाळीला आला, तेव्हा तर डोहाच्या कडेचे दगड कोरडे पडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, हे आपण म्हणतो खरं, पण हा कावळा बसेल त्या वेळी फांदी मोडतच होती. मंगळीनं मनाशी पक्कं केलं, या पोराच्या पायात काहीतरी आहे.

त्या दिवसापासून मोळी टाकली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"अंबाबाय, धाकलूदादा कंदी येनार गं?"

एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा अंबाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंगळे, माझ्या लेकाशी तुला काय करायचं हाय गं? दर येळेला त्याचीच चौकशी!" संध्याकाळी तिनं मीठमोहऱ्या काढून ठेवल्या, धाकलू आल्या आल्या ओवाळून टाकायला.

पौष लागला. थंडी अशी पडली की सकाळी गवतावरचं दव पायाला चावायचं. एके दिवशी चिंधी स्टेशनाच्या रस्त्यानं मोळी विकून आली ती धावतच. "आये, धाकलूदादा आला! गाडीतनं उतारताना बघितला मी."

दुसऱ्या सकाळी मंगळी डोहावर गेली. नदी उतरली होती, डोह सुटला होता. वाडी वर काठाला जमलेली, गोमा पुढं. मंगळी आत उतरली, तिनं कपारीत हात घातला. तळव्यावर एक भरलेला खवल आला, क्षणभर थांबला, आणि शेपटी मारून निसटला.

डोह जागा होता. हात तसं स्पष्ट सांगत होता. पण वर तिसऱ्या हिवाळ्याला उपाशी राहिलेली हाक होती, माणसं टोपल्या घेऊन उभी होती आणि धाकलू घरी आला होता. आता दोन दिवस नदी कुठं येते! उद्यापर्यंत निजतील मासे, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ओरडली, "डोह निजला गं!"

दिवसभर माणसांनी तोंड बांधलं, पाणी उपसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चिखलात उतरले. टोपल्यांत मासे तडफडायला लागले, पोरीबाळी एकमेकींच्या अंगावर चिखल उडवायला लागल्या, आणि नदी आली. गाजावाजा न करता आली. बांधावरून एक पातळ धार पडली, मग बांधच बसला. ज्याला जिकडं वाट दिसली तो तिकडं पळाला. टोपल्या वाहून गेल्या. वाडीतल्याच भागीची म्हातारी सासू पाण्याबरोबर खालच्या करंजापर्यंत गेली, फांदीला धरून लोंबली, आणि गोमानं तिला केसाला धरून ओढून काढली म्हणून वाचली.

काठावर कुडकुडत उभी राहिलेली वाडी मंगळीकडे बघत होती.  

"मंगळे, तुझा हात खोटं बोलला," गोमा म्हणाला. "आता हाक भागी दील."

हात खरं बोलला होता, खोटं मीच बोलले, हे मंगळीला माहीत होतं. तिला रडू आलं ते मान गेला म्हणून, आणि चिंधी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती म्हणून. घरी जाऊन ती चुलीपुढं बसून राहिली. पण खोड ती खोड. रडता रडता तिच्या डोक्यात आलं, धाकलू तर अजून घरीच आहे, मग नदी आली कशी? तो आला, हे ऐकलं आणि नाचलो. तो का आला, हे आपण, साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईनं, विचारलंच नाही.

ती उठली आणि थेट अंबाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. धाकलू ओटीवर बसला होता. त्याचा डावा हात फडक्यात गुंडाळलेला होता.

"दादा, काय झालं रं हाताला?"

"मशीनीत गेला," धाकलू म्हणाला. "दोन बोटं राहिली तिकडंच. मुकादम बोलला, बरा झालास की ये."

अंबाबाई आतून बघत होती. मीठमोहऱ्यांचा काही उपयोग झाला नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मंगळी अंगणातच बसली. तिनं सगळं सांगितलं. खुणेचे दगड, शिमगा, पाडवा, दिवाळी, त्याचे पाय आणि नदी. सांगताना तिला स्वतःलाच हसू आलं. धाकलू मात्र ऐकता ऐकता पुढं सरकला.

"माझे पाय नाय गं, मंगळीबाय. आमची गिरणी त्या पाण्यावरच चालते. वरनं पाणी पडतं, हितं वीज होते, ती तारेवरनं मुंबईला जाते, तिच्यावर आमच्या मशीनी फिरतात. गिरण्या बंद आसल्या की विजेचं काम नाय, मग पाणी कशाला सोडतील? गिरणी बंद, म्हनून मी घरी. गिरणी बंद, म्हनून तुझी नदी खाली. या खेपेला मी एकटाच बंद पडलो."

"आन् आठवड्याला एक दिस उतारते ती?"

"ती आमची आठवड्याची सुट्टी. कालबी तीच व्हती."

मंगळीनं त्याला आणखी पुष्कळ विचारलं. तारेतून वीज जाते ती गळत कशी नाही, मशीन दमत नाही का, पाण्याचा धक्का मुंबईपर्यंत पोचतो तर त्याला वाटेत भूक लागत नाही का. धाकलूनं येतील तेवढ्यांची उत्तरं दिली. शेवटी तिनं खरा प्रश्न विचारला. "आता लागोपाठ कंदी बंद हाय?"

"संक्रांतीला. आठवड्याची सुट्टी धरून तीन दिवस."

मंगळीनं वाडीत सांगितलं, संक्रांतीला डोह निजणार. भागीनं तोंड फिरवलं. गोमा म्हणाला, "तुला बुडायचं आसंल तर बूड."

संक्रांतीच्या सकाळी नदी उतरलेली होती. मंगळीनं त्या दिवशी हात घातला नाही. तिला उतावीळपणा एकदा भोवला होता. एक अख्खी रात्र पाणी उभं राहू दिलं आणि दुसऱ्या सकाळी ती डोहावर गेली. बरोबर फक्त चिंधी होती. काठावरच्या करंजाखाली गोमा पाठ करून बसला होता, जणू त्याचं या डोहाशी काही नातंच नाही. आणि शेताच्या बांधावरून घोंगडी पांघरून धाकलू येत होता. गिरणीत कामाला लागल्यापासून त्यानं ही नदी धड पाहिली नव्हती. आपण तिकडं काय फिरवतो त्यानं इकडं काय थांबतं, हे त्याला बघायचं होतं. चौकशीची खोड दुसऱ्यालाही लागते.

मंगळी छातीएवढ्या पाण्यात उतरली. तिचे दात वाजायला लागले. तिनं कपारीत हात घातला आणि डोळे मिटले. आता पाणी आलं, तर तिच्यामागं चिंधीला या वाडीत कोणी विचारणार नव्हतं. तळव्यावर मासा आला, गार आणि जड. ती थांबली. मासा हलला नाही. तिनं तो हळूहळू वर आणला, काठाशी आली, तरी हलला नाही.

"दादा, हात घाल पान्यात," ती म्हणाली.

धाकलूनं उजवा हात पुढं केला.

"त्यो नाय. दुखरा."

त्यानं फडकं सोडलं आणि तीन बोटांचा हात गार पाण्यात घातला. मंगळीनं त्याच्या तळव्यावर मासा ठेवला. कल्ले तेवढे मंद उघडत होते, मिटत होते.

"मेला का गं?" धाकलूनं विचारलं.

"नाय रं. निजलाय. परवा तुजी गिरणी लागली की उठंल."

धाकलू माशाकडे बघत राहिला. "मलाबी उठावं लागंल," तो म्हणाला. "दोन बोटं कमी हायत म्हनून कोन निजू देतंय?" त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यानं हात पाण्यातून काढला नाही.

मंगळीच्या ओठावर प्रश्न आला होता. पण जन्मात पहिल्यांदा तिनं तो गिळला.

"पयला आसरांचा आसतो," ती हळूच म्हणाली. "सोड आता."

त्यानं बोटं पसरली. मासा कलंडला, दगडाशी तरंगत गेला आणि पुन्हा कपारीत जाऊन पडला. मंगळीनं चिंधीला जवळ ओढलं.

"तू दे हाक."

"मी?"

"हात माजा, आन् त्वांड तुजं. दे."

चिंधीनं हाक दिली. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा नीट गेला. करंजाखालचा गोमा उठला, पाण्याच्या वरच्या अंगाला बराच वेळ बघत उभा राहिला, आणि मग खाली येऊन बांधासाठी दगड उचलायला लागला. त्याच्या मागून टोपली घेऊन भागी आली.