केसपेपरवरचा शेरा

उचगावात डॉ. दानेश्वरी पट्टणशेट्टींचा पत्ता विचारलात, तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘अक्कांचा दवाखाना’ म्हणा, पाचवा माणूस तुम्हाला गाडीवर बसवून दारात सोडून येईल. अक्का मूळच्या गडहिंग्लजच्या. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं, त्यामुळे थोरल्या बहिणीला म्हणायचं ‘अक्का’ हे माहेरहून त्यांच्यामागे आलं आणि अठ्ठावीस वर्षांत त्या अख्ख्या उचगावाच्या थोरल्या बहीण होऊन बसल्या. थोरल्या बहिणीच्या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या, माया आणि तोंड. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत अक्कांचं निदान तयार असायचं आणि शंभरात नव्वद वेळा ते बरोबर निघायचं. उरलेल्या दहांचा त्या फारसा विचार करत नसत. कुठला डॉक्टर करतो?

गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांची महिन्याला एक सभा होते. आधी व्याख्यान, मग जेवण. बरीच मंडळी मटणाचं पातेलं उघडायच्या वेळेला बरोबर हजर होतात. अक्का शाकाहारी, त्यांना ती घाई नव्हती, म्हणून त्या व्याख्यानाला वेळेवर जाऊन पुढच्या रांगेत बसायच्या. त्या दिवशी बोलायला डॉ. विश्वजित नावाचे मनोविकारतज्ज्ञ आले होते. वयानं अक्कांच्या भाच्याएवढे.

“एडीएचडी हा लहान मुलांचा आजार म्हणून आपण शिकलो,” ते म्हणाले. “लक्ष ठरत नाही, बूड टेकत नाही, हातातलं काम अर्ध्यात सुटतं. पण पोरं मोठी होतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत आजारही त्यांच्याबरोबर मोठा होतो. ही मोठी माणसं माझ्याकडे येत नाहीत. तुमच्याकडे येतात. पित्त वाढलं म्हणून, झोप नाही म्हणून, हाताला लागलं म्हणून. तुम्ही पित्ताची गोळी देता आणि माणूस तसाच परत जातो.”

अक्का वहीत लिहून घेत होत्या. ‘पित्ताची गोळी’ इथं त्यांचं पेन थांबलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सम्राट उभा राहिला होता.

सम्राट म्हणजे शालूबाईंचा थोरला मुलगा. वय छत्तीस, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ओतीव सुटे भाग तपासायच्या कामावर. नाव सम्राट आणि राज्य कुठं टिकेना. चौदा वर्षांत ही सातवी नोकरी. कामाला वाईट नव्हता, उलट मशीन बिघडलं की सगळे त्यालाच हाक मारायचे. पण रोजची नोंद रोज करायची म्हटलं की गडी हरवला. तपासलेला माल न तपासलेल्यात ठेवायचा, आणि किल्ली कुठं ठेवली हे शोधताना चष्मा विसरायचा. आदल्याच आठवड्यात तो पित्ताची गोळी न्यायला आला होता आणि जाता जाता म्हणाला होता, “अक्का, फुडल्या म्हैन्याच्या शेवटाला राजीनामा देतोय. त्यांनी हाकलायच्या आधी आपणच जावं. म्हशी राखतो घरात बसून. माझ्यासारख्या आळशाला तेवढंच जमंल.”

अक्कांनी तेव्हा काय केलं होतं? “आळस झटक की जरा,” म्हणून गोळी हातात ठेवली होती.

त्या रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष लागलं नाही. ताट तसंच ठेवून त्यांनी डॉ. विश्वजितना गाठलं आणि विचारलं, “हे आम्हाला शिकवाल का?” डॉक्टर म्हणाले, शिकवतो, पण सहा रविवार द्यावे लागतील आणि पहिले पाच पेशंट माझ्या नजरेखालून जातील. छप्पन्नाव्या वर्षी अक्का पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. सम्राटनं ठरवलेली महिनाअखेर पाच आठवड्यांवर आली होती. त्यांनी सम्राटला फोन करून बजावलं, “मला विचारल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. दिलास तर दवाखान्याची पायरी चढू नकोस.”

पण अक्का विद्यार्थिनी म्हणून अगदीच बिनकामाच्या निघाल्या. रविवारी सकाळी आपापल्या घरी लॅपटॉपसमोर दहा डॉक्टर बसत. त्यातला एक खोटा पेशंट होई आणि दुसरा त्याला प्रश्न विचारी. अक्कांची पाळी आली की दोन मिनिटांत निदान!

“मॅडम,” डॉ. विश्वजित एकदा म्हणाले, “पेशंटनं अजून तोंड उघडलेलं नाही.”

“मला दिसतंय की सगळं!”

“ते दिसणंच जरा बाजूला ठेवायचंय.”

अक्कांना राग आला, आणि राग आला याचाच अर्थ बाण बरोबर लागला होता. मग त्या सराव करायला लागल्या. पहिला बकरा अर्थातच नवरा. बसवेशराव बँकेतून निवृत्त झालेले, निवांत गृहस्थ. नाष्ट्याच्या वेळी अक्कांनी अठरा प्रश्नांची यादी काढली. वस्तू हरवता? हो. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना लक्ष उडतं? “तुझं चालू असताना उडतं,” बसवेशराव पोहे खात म्हणाले. यादी संपेपर्यंत त्यांना आजार पक्का झाला होता. पुढच्या रविवारी अक्कांनी ही हकीकत सांगितली तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “म्हणूनच नुसत्या यादीवर निदान करायचं नसतं. विसरतो तर प्रत्येक जण. हे कधीपासून आहे, घरी आणि कामावर दोन्हीकडे आहे का, आणि त्यापायी माणसाचं किती नुकसान झालं, ते विचारा. थायरॉईड बघा, झोप बघा, दारू बघा, मन खचलंय का बघा. औषधाआधी हृदय आणि बीपी तपासा. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली पाहिजेत. लहानपण बघितलेला माणूस शोधून त्याला विचारायचं.”

त्यात काय अवघड, अक्कांना वाटलं. शालूबाई होत्याच की.

पाचव्या आठवड्यात त्यांनी सम्राटला सुट्टीच्या दुपारी बोलावलं, दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटसमोर तासभर गप्प बसल्या. सम्राट आधी चाचरत, मग धबाधबा बोलला. सात नोकऱ्या, दोनदा गॅसवर करपलेलं दूध, बायकोनं बोलणं सोडलेले दिवस. रक्ताचे रिपोर्ट नीट होते, दारूचा वास नव्हता, झोपही बरी होती. उरलं होतं फक्त लहानपण. महिना संपायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी शालूबाई आल्या. वय बासष्ट, ठेवणीतलं इरकल नेसलेलं, डोक्यावर पदर, हातात दह्याचा डबा. स्टुलावर अगदी ताठ बसल्या. सम्राट शेजारी उभा.

“शालूबाई, सम्राट लहानपणी कसा होता?”

“लई गुणी. एका जागी बसला की उठायचा न्हाय.”

“शाळेत लक्ष असायचं?”

“तर! गुर्जी म्हणायचे, असं पोर सगळ्यांच्या पोटी यावं.”

“वस्तू हरवायचा का?”

“कवा न्हाय. पेन्सिल बी जपून वापरायचा.”

सम्राट आईकडे बघतच राहिला. पोरगी बघायला आलेल्या पावण्यांपुढे आई मुलीचे गुण सांगते, त्या थाटात शालूबाई सुटल्या होत्या. अक्कांनी प्रश्न फिरवून विचारले, उलटे विचारले. प्रत्येक उत्तरात सम्राट आणखीच आदर्श बालक होत गेला.

हे खरं धरलं, तर निदान होत नव्हतं. लहानपणी नव्हतं म्हणजे हा आजार नव्हे, दुसरं काहीतरी. आईचं बोलणं सोडून स्वतःच्या मनानं यादीवर खुणा कराव्यात असं क्षणभर त्यांना वाटलंही. पण मग इतके रविवार कशाला घालवले?

“म्हंजे न्हायच म्हणा की काय,” सम्राट भिंतीकडे बघत म्हणाला. “मी नुसताच आळशी. बरं झालं, एकदाचं कळलं.” तो दाराकडे वळला.

“थांब,” अक्का म्हणाल्या.

त्यांना आठवलं, आपणही तर ह्याचं लहानपण बघितलं होतं! दवाखाना काढला तेव्हा हा आठ वर्षांचा होता. अक्का केसपेपर टाकत नसत. घराघराचे गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवलेले असत. स्टूल घेऊन त्या स्वतः चढल्या आणि शालूबाईंच्या घराचा गठ्ठा धूळ झटकत खाली आणला. औषधं इंग्रजीत आणि शेरे मराठीत, ही त्यांची जुनी पद्धत.

त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. धावत्या ट्रॉलीतून उडी, हनुवटीला चार टाके. नाकात शेंगदाणा. दीड महिन्यानं दुसऱ्या नाकपुडीत शेंगदाणा. वर्गात बाकावरून बाकावर उड्या, मनगट मुरगळलं. टाके काढायला आणलं तर पळून गेला, शाळेच्या शिपायानं धरून आणला. दोन वर्षांत अकरा नोंदी. सम्राटला हसू फुटलं. अक्काही हसत होत्या. मग त्यांनी पुढचा कागद उलटला आणि तो मात्र हळू आवाजात वाचला.

१९९८ सालचा कागद होता. अक्षर त्यांचंच, तरुणपणीचं, ठसठशीत. ‘मुलगा अतिशय वांड. आजार काही नाही. वळण नाही. आईला समज दिली.’

शालूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“काय समज दिली होती मी?” अक्कांनी हळूच विचारलं.

“तुमच्या ध्यानात न्हाय व्हय?” शालूबाई खाली बघून म्हणाल्या. “दवाखाना भरलेला हुता. सासू संगं हुती. तुम्ही म्हणालासा, पोर आईच्या हातावर वळतंय, तुमचाच हात ढिला हाय. तवापासून सासूनं मरंस्तोवर त्येच ऐकवलं. मग मी बी मारला त्याला. लई मारला. काल तुमचा फोन आला, लहानपणाचं इचारायचंय म्हणून. मला वाटलं, आता ह्या वयात परत माझंच काढत्याती. पोरासमोर.”

उरलेल्या दहांपैकी एक समोर उभा होता, आणि एक त्याची आई होती. इतकी वर्षं ह्या बाई त्यांच्याकडे येत राहिल्या, दही आणत राहिल्या आणि हे पोटात ठेवून होत्या.

त्या खुर्चीतून उठल्या आणि शालूबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. “शालूबाई, ते माझं चुकलं. तुमचा हात ढिला नव्हता. हा मेंदूचाच आजार असतो, जन्मापासूनचा. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी बोलले.”

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडणं संपल्यावर मात्र त्यांनी जे सांगायला घेतलं, ते थांबेना. पाटी फोडली तीनदा. दप्तर ओढ्यात सोडून आला. ताटावरून चार घासांवर उठायचा, पाचवा घास त्याच्यामागं पळत भरवायला लागायचा. चौथीच्या गुर्जींनी त्याला वर्गाच्या दाराला बांधून घातला होता, आणि तो दार निखळवून आला. “आणि गुणी बी हुता,” त्या मध्येच म्हणाल्या, “ते खोटं न्हाय सांगितलं.”

अक्कांनी सगळं लिहून घेतलं, मध्ये एक शब्द न बोलता. डॉ. विश्वजितनी कागद वाचले, सम्राटशी स्वतः बोलले आणि निदानावर शिक्कामोर्तब केलं. त्यांच्या सल्ल्यानं हळूहळू लागू पडणारं औषध छोट्या मात्रेत सुरू झालं. औषधाइतकंच महत्त्वाचं होतं कामाची घडी बदलणं. फौंड्रीच्या मॅनेजरकडे सम्राट स्वतः गेला आणि खरं ते सांगून आला. मॅनेजरनं थोडं डोकं खाजवलं आणि त्याला नोंदींच्या कामावरून काढून मशीनदुरुस्तीवर घातलं. महिना संपला आणि राजीनामा काही गेला नाही.

सहा आठवड्यांनी बीपी तपासायला आला तेव्हा अक्कांनी विचारलं, कसं वाटतंय? सम्राटनं विचार करून सांगितलं, “डोक्यात बाजार भरलेलाच हाय अक्का. पण पूर्वी सगळे दुकानदार एकदम ओरडायचे. आता एकेक जण बोलतोय.” जाताना तो छत्री विसरला आणि पाच मिनिटांनी परत येऊन घेऊन गेला. अक्कांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी त्यांनी तीन पेशंटना रागवायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात शालूबाई एकट्या आल्या. काही दुखत नव्हतं. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “सम्राटचं झालं. माझं राहिलंय.”

“तुमचं काय?”

“तो कागद काढा. त्यावर माझं लिवलंय न्हवं, समज दिली म्हणून. त्याच्याखाली आता खरं लिवा. तुमच्याच अक्षरात.”

अक्कांनी गठ्ठा काढला. १९९८ च्या शेऱ्याखाली बोटभर जागा होती. त्यांनी तिथं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

“मला वाचता येत न्हाय. काय लिवलं ते वाचा.”

“आईच्या वळणात दोष नव्हता. डॉक्टरची चूक झाली.”

शालूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, कुणीतरी दाराची कडी वाजवली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“परत एकदा वाचा की,” त्या म्हणाल्या, “जरा मोठ्यानं. दवाखाना भरलाय.”

अक्कांनी उठून दार सताड उघडलं आणि पुन्हा वाचलं.