दाबून धरायचं काम

"पहेलां एनुं मों धोई नाखो, डॉक्टर."

आधी त्याचं तोंड धुवा. त्याचं म्हणजे कुत्र्याचं. रॉकी नावाचा अल्सेशियन, मला चावला होता. माझ्या डाव्या तळहाताच्या कडेत त्याचे दोन दात शिरले होते आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं.

"शी खबर कोण छे, केवी छे," रॉकीची मालकीण, शेठाणी, पुढे म्हणाली. कोण आहे, कसली आहे, कुणास ठाऊक. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाई, वाडग्यात पाणी आण. लाल औषध टाक त्यात."

मी आणलं. एका हातानं आणलं. दुसरा हात तसाच. वाडगा टेबलावर ठेवताना त्यात एक थेंब पडला.

"दुसरं आण. यात रक्त पडलं."

मी दुसरं आणलं. डॉक्टरांनी कापूस भिजवून रॉकीचे दात पुसले, हिरड्या पुसल्या, ओठ उलटून आतून पुसले. मी वाडगा धरून उभी. माझंच रक्त होतं ते. घाण म्हणून पुसलं जात होतं आणि पुसायला पाणी मीच धरलं होतं.

मी काही बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते. एक शब्द नाही.

नवरा पांडेसऱ्यात रंगाच्या मिलमध्ये होता. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वर्षी पळालेली माणसं सुरतला परतली, त्यांच्या मागोमाग आम्ही खानदेशातून नवे आलो. शेजारणीनं मला शहराच्या पलीकडच्या श्रीमंत भागातला कुत्र्यांचा दवाखाना दाखवला. डॉक्टर मराठी. मला वाटलं, आपला माणूस. त्यांनी गाव विचारलं. खानदेश म्हटल्यावर हसले. मग विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले. हसू गेलं होतं. कामाला ठेवलं, पण पहिल्याच दिवशी कंपाउंडरनं मला पाण्याची जागा दाखवली. सगळ्यांचा माठ बाहेर, माझा डबा मागच्या नळाशी. कुणी कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. डबा उचलला आणि प्याले.

काम काय, तर पिंजरे धुणं, फरशी पुसणं आणि कुत्री दाबून धरणं. कुत्रं टेबलावर चढवायचं, तोंडाला पट्टी बांधायची. मागचे पाय कंपाउंडर धरणार, मान माझ्याकडे. कोपर मानेवर, छाती पाठीवर, अंगाचं सगळं वजन सोडायचं. डॉक्टर म्हणायचे, "दाब. अजून दाब." मी दाबायची. त्यात मी तरबेज होते. सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता. "हिच्या हाताखालून एक कुत्रं सुटत नाही," असं डॉक्टर एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते. ते मी घरी जाऊन सांगितलं होतं.

रॉकीचा कान आतून सडला होता. त्याच्या कानाला वारा लागला तरी तो विव्हळायचा. त्या कानाच्या बाजूनंच मी कोपर दिलं होतं. पट्टी सरकली आणि तो चावला. त्यानं दुसरं काय करायचं होतं?

तोंड धुऊन झाल्यावर डॉक्टरांनी मला पट्टी बांधली. "इंजेक्शनवाला कुत्रा आहे, तुला काही होत नाही," म्हणाले. शेठाणीच्या घरची माणसं दहा दिवस बाहेरगावी जाणार होती. रॉकीला तोवर दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. कानात रोज दोनदा औषध. ती गाडीत बसून गेली आणि डॉक्टर मला म्हणाले, "ने त्याला मागे."

मी त्याला मागच्या खोलीत नेलं. पिंजऱ्यात घातलं. कोपऱ्यात पोछ्याचा दांडा होता.

मी त्याला मारलं. तीन वेळा.

पहिल्यांदा मारलं तेव्हा डोळ्यांपुढे शेठाणी होती. दुसऱ्यांदा डॉक्टर. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं. तिसऱ्यांदा मी नुसतंच मारलं.

तो भुंकला नाही. गुरगुरलाही नाही. पिंजऱ्याच्या मागच्या गजांना चिकटला, मान खाली घातली आणि तिथंच मुतला. ते मी पुसलं. पुसताना माझा हात त्याच्या पायाजवळ गेला तर तो पाय थरथरत होता. ज्या बाईला घाण म्हणाले त्या बाईच्या आत खरी घाण कुठे होती, ते मला त्या वेळी कळलं.

घरी नवऱ्यानं पट्टी बघितली. "हातले काय झाये?"

"कुत्रं चावनं."

एवढंच सांगितलं. तोंड धुतल्याचं सांगितलं नाही. मारल्याचं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी रॉकीनं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कंपाउंडर दुधात पाव घालून ठेवायचा, तो तसाच राहायचा. औषधाची वेळ आली की डॉक्टर आणि कंपाउंडर त्याला ओढून काढायचे. मी माझ्या हाताचं निमित्त करून बाहेर थांबायची. आतून त्याचं ओरडणं ऐकू यायचं. बाहेर बाकावर बसलेली माणसं आपापली कुत्री जवळ ओढून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन त्याच्या पिंजऱ्याशी जमिनीवर बसले. त्याच्याकडे पाठ करून. त्याच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत नव्हती, खरं कारण तेच. एक तुकडा मागे टाकला. बऱ्याच वेळानं चावल्याचा आवाज आला. आणखी एक टाकला. तोही गेला.

मी पाठ केली म्हणून तो खात होता. कुत्र्याला समोरून कुणी अंगावर आलेलं नको असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शिकवणारं कोणी नव्हतं. पुस्तकं असतील. मला वाचता कुठे येत होतं?

चौथ्या दिवशी दार उघडं ठेवून बसले. तो बाहेर आला नाही, पण मान दारापर्यंत आणली. मी हात जमिनीवर उताणा ठेवला, तळहातावर तुकडा. तो घेताना त्याचे ओठ पट्टीला लागले. किती हळू घेतला त्यानं. ज्या बाईनं मारलं तिच्याच हातातून.

मग मी रोज तेच करू लागले, एक एक पायरी. मानेला बोट लावलं, की "हां" म्हणायचं आणि तुकडा. गालाला हात, "हां", तुकडा. कानाच्या मुळाशी हात. तिथं त्यानं मान काढून घेतली. मी हात मागे घेतला. रागावले नाही, ओढलं नाही, थांबले. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच मान पुढे केली. त्या दिवशी मला मोठी गोष्ट कळली. तो नको म्हणू शकत होता, म्हणून हो म्हणत होता.

औषधाची नळी आधी नुसती दाखवली. मग कानाला टेकवली, रिकामीच. सातव्या दिवशी कानात चार थेंब पडले. पट्टी नाही, कंपाउंडर नाही, दाबणं नाही. तो बसला होता आणि मी बसले होते.

डॉक्टर दारात उभे होते. कधी आले कळलं नाही.

"लाच देतेस की काय त्याला?"

"नाही सर. विचारते."

ते हसले. कंपाउंडरला हाक मारून दाखवलं. "बघ, ही कुत्र्याला विचारते." पण त्या दिवसापासून रॉकीचं औषध माझ्याकडे आलं. त्यांचा वेळ वाचत होता. तुकडे कशाचे, हे त्यांनी बघितलं होतं. रोज बघत होते.

अकराव्या दिवशी शेठाणी आली. डॉक्टर तिला मागच्या खोलीत घेऊन आले. म्हणाले, "हमारा नया तरीका देखिए. जबरदस्ती बिलकुल नहीं." हमारा. मी ऐकलं आणि गिळलं. एवढं मला गिळता येत होतं. मी जमिनीवर बसले, रॉकी येऊन माझ्यासमोर बसला. मी कानाला हात लावला, "हां" म्हटलं, तुकडा दिला.

"आ रोटलो कोनो छे?" शेठाणीनं विचारलं.

भाकरी कुणाची, ते ती डॉक्टरांना विचारत होती.

"एना घरनो? मारा रॉकीने एना घरनुं खवडाव्युं?"

तिच्या घरचं माझ्या रॉकीला चारलं? डॉक्टरांचा चेहरा बदलला. मला मराठीत म्हणाले, "हे मी तुला सांगितलं होतं का?"

चार दिवस बघणारा माणूस हे म्हणाला.

मग घाईनं म्हणाले, "ठेव ती भाकरी. हात धू. घे त्याला टेबलावर. दाब, औषध घालू आणि देऊ त्यांना."

कंपाउंडरनं रॉकीला उचलून टेबलावर ठेवलं. स्टीलवर त्याचे पाय घसरले. त्यानं माझ्याकडे बघितलं. जागा माझी रिकामी होती, मानेकडची.

"नाही दाबणार," मी म्हणाले.

"काय?"

"नाही दाबणार, सर. त्याला खाली घ्या. पाच मिनिटं द्या. तो स्वतः करू देतो."

"तू मला शिकवणार?"

"हो."

हा "हो" कुठून आला, मला माहीत नाही. आवाज चिरका आला. पण हात मी पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

डॉक्टरांनी शेठाणीच्या ड्रायव्हरला आत बोलावलं. पट्टी बांधली. तिघांनी मिळून रॉकीला दाबलं. तो ओरडला. मी तिथंच उभी राहिले. मला बाहेर जाता आलं असतं, गेले नाही. सात दिवसांत तुकड्या तुकड्यानं जे उभं केलं होतं ते एका मिनिटात मोडलं, आणि मला ते वाचवता आलं नाही. माझं नाही म्हणणं माझ्यापुरतं राहिलं. रॉकीच्या उपयोगाला आलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

मी पदर खोचला. आणि निघता निघता शेठाणीसमोर थांबले. पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून, तिच्याच भाषेत बोलले. मोडकं असेल, पण बोलले.

"बेन, तमारा रॉकीने में मार्यो हतो. त्रण वार. तमे एनुं मों धोवडाव्युं ते दिवसे."

तुमच्या रॉकीला मी मारलं, तीन वेळा, तुम्ही त्याचं तोंड धुववलंत त्या दिवशी. ती मागे सरकली. डॉक्टर ओरडले, "काय बोलतेस?"

"मारो गुनो में कही दीधो. हवे तमारो तमे कहो."

माझा गुन्हा मी सांगितला. आता तुमचा तुम्ही सांगा.

तिनं ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. डॉक्टर तिच्या मागे मागे, "सॉरी बेन, सॉरी" म्हणत पायऱ्या उतरले. तिच्या पाठीला म्हणत होते ते. माझ्याकडे वळून कुणीच काही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. रक्ताचा वाडगा, दांडा, सगळं. दांड्याचं सांगताना रडू आलं. इतर कशाचं नाही आलं. नवऱ्याच्या नखांत निळा रंग होता, तो खरवडत बसला. मग म्हणाला, "आते काय करशी?"

"हाईच काम धुंडसू."

मिळायला दीड महिना लागला. एका ट्रस्टच्या जनावरांच्या दवाखान्यात. गाई, बैल आणि रस्त्यावरची मोडकी कुत्री. तिथंही आडनाव ऐकून गप्प होणारी माणसं आहेत. सुरत तीच आहे. तिथंही पहिल्या दिवशी मला सांगितलं, मान धर. मी सांगितलं, आधी मला त्याच्याजवळ बसू द्या. ते हसले. मी बसले. कधी जमतं. कधी जखम इतकी असते की वेळच नसतो, धरावं लागतं. तेव्हा धरते, आणि घरी गेल्यावर जेवण जात नाही.

लोक म्हणतात, पुण्याचं काम करतेस. मला ते ऐकवत नाही. रॉकीचा कान बरा झाला की नाही, मला माहीत नाही. त्यानं मला माफ केलं असेल असं मी समजून चालत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं स्वतःला माफ करून घेणं, म्हणजे समोरच्याला न विचारता परस्पर ठरवणं, ही शेठाणीचीच रीत झाली.

म्हणून आता कुणी नुसतं "दाब" म्हटलं, की मी आधी विचारते, का. उत्तर पटलं नाही तर माझे हात मागे. ओरडा, काढून टाका. हात मागेच राहतील.