सोनं दिलं, निळं आलं

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या भांडारात बसून ते प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. आणि त्यांचं बोलणं रुतायचं, म्हणूनही. स्क्रू द्यायचे तर मोजून नाही, तोलून. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा काकूंना ओढायला लावायचे. हे मला काकूंनीच हसत हसत सांगितलं होतं.

तरुणपणी पहिल्या नोकरीत पितळेच्या तोट्या गेल्या आणि आळ यांच्यावर आला. चोर पुढे सापडला, पण नोकरी गेली ती गेलीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काटेकाका पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. संध्याकाळी फाटकावर रखवालदाराशेजारी उभे राहून ते आम्हाला जेवणाचे डबे उघडायला लावत. सात वर्षं मी डबा उघडून दाखवत होते आणि सात वर्षं मनात त्यांना शिव्या देत होते.

माझं काम काचेवर धातूचा थर चढवण्याचं. घंटेच्या आकाराच्या मोठ्या भांड्यातली हवा काढून टाकायची आणि आत धातूचा तुकडा तापवून त्याची वाफ करायची. ती वर टांगलेल्या काचपट्टीवर जाऊन बसते. वर्षानुवर्षं आम्ही ॲल्युमिनियम चढवत होतो. त्या वर्षी मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, सोन्याचे थर हवे होते, तेही काही अणूंच्या जाडीचे. इतकं पातळ सोनं सोन्यासारखं दिसतच नाही. पट्टी उजेडासमोर धरली की ती निळसर दिसते.

काटेकाकांनी पट्टी खिडकीकडे धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"सोनं दिलं, निळं आलं," ते म्हणाले.

"काका, हा थर सलग नाहीच. सुटे सुटे ठिपके आहेत. ते तांबडा उजेड गिळतात आणि निळा सोडतात."

"गिळणाऱ्यांना मी चांगला ओळखतो."

त्यांनी पट्टी काट्यावर ठेवली. आधीचं वजन आणि आत्ताचं वजन, काटा केसभरही हलला नाही. माझं डोकं फिरलं. यांना पुरावाच हवा ना, म्हणून मी त्यांच्यादेखत ती पट्टी भट्टीत तापवली. तापल्यावर ठिपके गोळा होतात आणि रंग बदलतो. निळी पट्टी गुलाबी होऊन बाहेर आली. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"सोनं तापवलं की उजळतं," ते म्हणाले. "रंग बदलते ती शाई."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दोन महिन्यांत वीस फेऱ्या झाल्या होत्या आणि ग्रॅमभर सोन्याची तार संपली होती. काकांनी माझ्या नावानं लेखी तक्रार केली. माझा करार महिनाअखेर संपत होता. चोर ठरले असते तर तो वाढला नसताच, आणि पुढे कुठल्याही प्रयोगशाळेनं मला दारात उभं केलं नसतं. घरी मी अवाक्षर काढलं नाही. पण तिसऱ्या दिवशी डबा घासताना सासूबाई म्हणाल्या, "भरलेला डबा तसाच परत येतोय. काय झालंय, सांगतेस का?" मी सांगितलं आणि रडले.

रडून झाल्यावर मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. सोन्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे? काकांकडे. तार कापून कोण देतं? काकाच. चोराच्या उलट्या बोंबा तर नसतील? मग मला त्यांचं सगळंच खटकू लागलं. त्यांची जाडी कापडी पिशवीसुद्धा.

चौकशीला आम्ही तिघंच होतो. मॅडमनी मला विचारलं, "वाफ काय फक्त पट्टीवर जाते? ती चहूकडे उडते. पट्टीवर बसतं ते शितभर, बाकी सगळं भांड्याच्या भिंतींना. भिंतींना आतून काय लावता?"

"कागद," मी म्हणाले.

आमच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला कागदच म्हणतात. पूर्वी तो वापरून टाकून द्यायचो. सोनं आल्यापासून मी तो चुरगळून एका डब्यात साठवत होते, पुढे त्यातून सोनं काढून घेता यावं म्हणून. डबा भरल्यावर मी तो भांडारातल्या फळीवर ठेवला होता. सही घेतली नव्हती. वर चिठ्ठी लावली होती, 'जुना कागद'. तक्रारीच्या धसक्यात हे मला इतके दिवस आठवलंच नव्हतं.

आम्ही भांडारात गेलो. डबा जागेवर होता. माझ्या चिठ्ठीवर काकांच्या अक्षरातली नवी चिठ्ठी होती, 'वॉशर'. आत वॉशरच होते.

काका डब्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला आणि माझी खात्रीच पटली.

"आता सांगा काका, कुणी गिळलं?" मी म्हणाले. मॅडमनी मला थांबवलं नाही.

डबा रिकामाच आला होता, एवढं ते म्हणाले असते तरी पुरे होतं. माझ्याकडे काय पुरावा होता? पण त्यांनी खण उघडला, फाटकावरच्या पासांचं पुस्तक काढलं आणि थुंकी लावून पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून ते मॅडमकडे वळले.

"पहिल्या तारखेची रद्दी. जुना कागद, एक पिशवी, रद्दीवाल्याला. चिठ्ठी वाचून डबा तसाच पिशवीत उलटा केला. सही माझी आहे. रखवालदार विचारत होता, आत बघू का म्हणून. मी म्हटलं, मी देतोय ना, जाऊ दे."

मग त्यांनी मॅडमकडून तक्रारीचा कागद मागून घेतला, माझं नाव खोडलं आणि तिथं स्वतःचं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठी नीट लिहिली नाही ही आमचीही चूक. काकांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मला हसावंसं वाटत नव्हतं. माझ्या नोकरीचा जीव त्यांच्या एका शब्दात होता आणि त्यांनी तो खरा बोलून टाकला होता. मी मात्र आठवडाभर त्यांच्या पिशवीवर डोळा ठेवून होते. मला माझीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी काका फाटकावर रखवालदाराशेजारी नव्हते. ते रांगेत होते, माझ्या मागे. माझा डबा बघून झाल्यावर त्यांनी आपला डबा पुढे केला.

रखवालदार कानकोंडा झाला. "काका, तुमचा काय बघायचा?"

"बघ," काका म्हणाले. "त्या दिवशी बघितलं नाहीस."

त्यानं झाकण उघडलं. काकूंनी सकाळी भरून दिलेला डबा तसाच होता.