वीज गेल्यावर बंद राहिलेला दरवाजा

"तुला काय गं, तुमच्या लोकांना अशा जागेची सवयच असते."

सर हे मराठीत म्हणाले. नोएडातल्या एका नव्या इमारतीच्या लॉबीत. मी नुकतीच तळघरातून वर आले होते. कुर्ता घामानं पाठीला चिकटलेला. मालकाच्या माणसानं विचारलं, क्या कहा आपने? सरांनी तेच हिंदीत सांगितलं. सगळे हसले.

मीही हसले.

हे लिहायला नको वाटतं. पण हसले, हे खरं आहे.

आमचं काम ऑफिसच्या इमारतींची कुलपं तपासायचं. किल्लीची नव्हेत, कार्डानं, बोटानं, चेहऱ्यानं उघडणारी. कोणती यंत्रणा घ्यावी, ती कुठे फसते, याचा अहवाल आम्ही द्यायचो. सर या कामातले जुने. मूळचे पुण्याचे, वाढले दिल्लीत. आम्ही बौद्ध. बाबा यवतमाळहून सरकारी नोकरीत इकडे आले, गाझियाबादला राहिले. मला कामावर घेतलं सरांनीच. वायर कुठली कुठे जाते इथपासून शिकवलं. बाबा गेले त्या वर्षी काकू, म्हणजे सरांची बायको, मला मयूर विहारच्या घरी बोलावून जेवू घालायच्या. म्हणायच्या, ही आमची तिसरी मुलगी. ऑफिसात सगळा कारभार हिंदीत. माझ्याशी मराठी बोलणारे एकटे सर. त्यांची मराठी ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

त्याच मराठीत ते बोलले.

त्या दिवशी वीज तोडून बघायची होती. वीज गेली की कुठला दरवाजा काय करतो, ते. सर म्हणाले, तू खाली जा, सफाईवाल्यांच्या खोलीचा दरवाजा बघ. त्या खोलीत जाताना कार्ड लागायचं आणि बाहेर पडतानाही. कारण काय, तर चोरी होऊ नये.

मी आत जाऊन दार लावून घेतलं. वरून वीज तोडली. वरचे काचेचे दरवाजे आपोआप मोकळे झाले. खालचा बंदच राहिला. कार्ड लावलं. काही नाही. खांदा लावून ढकलला. काही नाही. फोनला रेंज नाही.

आत एक बाई होती, विमला नावाची. वरच्या मजल्यांवर झाडूपोछा करणारी. तिनं मोबाईलच्या उजेडात बादली उलटी करून माझ्यापुढे सरकवली. बसा म्हणाली. मग विचारलं, "सफाई में नई आई हो?"

"नहीं. इंजीनियर हूँ."

फटकन म्हणाले. तिनं शिवी दिल्यासारखं.

तिनं फडक्यांचा ढीग पुढे ओढला. मग आपणहून सांगू लागली. लाईट गेली की असंच होतं. सुपरवायझरला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, तुम लोगों को जाना कहाँ होता है. मी विचारलं, आणि आग लागली तर? ती फडक्यांच्या घड्या घालत राहिली.

पाऊण तास आम्ही दोघींनी आळीपाळीनं दरवाजा बडवला. वरची मंडळी जेवायला गेली होती. सरसुद्धा. उन्हातून आलीस, पाणी प्यायलीस का, असं दिवसातून तीनदा विचारणारे सर. मी खाली आहे हे त्यांना आठवलं नाही.

वीज परत आली, मी वर आले, आणि ते वाक्य ऐकलं. आणि हसले. विमला मागच्या जिन्यावर उभी होती. तिनं मला हसताना पाहिलं.

संध्याकाळी सरांनी अहवाल पुढे ठेवला. त्या दरवाजाबद्दल मी लिहिलेलं सगळं काढून टाकलं होतं. तिथे एकच शब्द. समाधानकारक. खाली सही माझी हवी होती. सर म्हणाले, मालकाला तसंच हवंय, उगाच वाकड्यात शिरू नकोस.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सर, तुमची मुलगी आत असती तर तुम्ही जेवायला गेला असता का?"

त्यांनी अहवाल आपल्याकडे ओढला. मग हळू आवाजात म्हणाले, "घरात घेतलं तुला. त्याचं हे फळ?"

घेतलं. मी इतकी वर्षं त्यांच्या घरी जात होते. ते मला घरात घेत होते.

मेट्रोत उभ्यानं रडले. बाबा गेले तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. दुसऱ्यांदा पोरकी झाले, असं वाटलं.

अहवाल दुसऱ्याच कुणाच्या सहीनं गेला. मी नोकरी सोडली. काकूंचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. काय बोलणार होते?

मग विमलाला गाठलं, इमारतीच्या मागच्या गेटवर. त्या दिवशी तुमच्याशी तोडून बोलले, चुकलं, म्हणाले. तिनं मान हलवली. माफ केलं की नाही, कळलं नाही. अग्निशमन खात्यात तक्रार करतेय, असं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मेरा नाम मत लिखना."

तिचं नाही लिहिलं. माझं लिहिलं, आडनावासकट.

दरवाजा अजून तसाच आहे. दर सोमवारी मी अग्निशमन खात्याच्या कार्यालयात जाते. बाबू सांगतो, साहेब नाहीत. गेल्या खेपेला त्यानं विचारलं, मॅडम, तुम्ही ती नोकरी तर सोडली, आता तुमचं तिथं कोण आहे?

मी म्हटलं, आत आहेत त्या सगळ्या.

आणि बाकावर बसले. साहेब येईपर्यंत बसणार. तक्रार मागे घेणार नाही. त्या खोलीचा दरवाजा आतून नुसत्या हातानं उघडला पाहिजे. तो उघडेपर्यंत मी येणार.