आधी निधनवार्ता

दिवेलागणीच्या जरा आधी आमच्या घरापुढच्या खळ्यातून हाक यायची, ‘आसस काय गो घरात?’ मी घरात नसणार तर कुठे असणार? डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई गेल्यापासून घरात मी एकटीच. पण आमच्याकडे हाक मारल्याशिवाय कोणी पायरी चढत नाही. मी ‘आसंय’ म्हटलं की टीचर वर यायच्या, काखेत पेपर घेऊन. त्या मधल्या दगडी गडग्यापलीकडे राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या त्यालाही जमाना झाला, पण सगळी वाडी अजून त्यांना टीचरच म्हणते. नवरा नाही, मुलगा गोव्यात नोकरीला.

कट्टा गावाहून बसने येणारा पेपर आमच्यापर्यंत दुपारी पोचतो आणि टीचर तो संध्याकाळी मला वाचून दाखवायच्या. त्यांचं वाचन म्हणजे तिसरीचा वर्ग. स्वल्पविरामाला थांबणार, पूर्णविरामाला श्वास घेणार. आधी निधनवार्ता. गेलेला माणूस कोणाचा कोण, त्याची बहीण वेंगुर्ल्यात कुठल्या घरात दिलेली, हे सगळं झाल्याशिवाय पुढच्याचा नंबर लागायचा नाही. मला हवा असायचा अग्रलेख. तिथवर येईपर्यंत काळोख पडायचा आणि टीचर घरी जायला उठायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचे.

मग कुडाळला आमच्यासारख्यांना फोन वापरायला शिकवणारं शिबिर झालं. काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. पहिल्या दिवशी मला रडू आलं, नुसत्या वैतागाने. पण मी हट्टी आहे, शिकले. हळूहळू बँकेतली शिल्लक, गॅसची नोंदणी, अग्रलेख, सगळं कोणाच्या तोंडाकडे न बघता व्हायला लागलं. पुढे कामही मिळालं. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करतात, ती ऐकून चुका कळवायच्या. पहिला पगार जमा झाल्याचं फोननेच सांगितलं आणि मी रिकाम्या घरात मोठ्याने हसले. सांगायला कोणी नव्हतं. टीचर यायची वाट बघत बसले.

टीचर येतच राहिल्या. पेपर आपला सकाळीच ऐकून होतो, हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. त्यांच्या पेपरात आणि माझ्या पेपरात थोडाफार फरक पडायला लागला होता, पण माझं अर्धं लक्ष हाक ऐकण्यात आणि चहात असायचं.

एका संध्याकाळी त्यांनी वेंगुर्ल्याचे एक काजूवाले वारल्याचं वाचलं. हे गृहस्थ गणपतीच्या आधीच गेले होते. तेव्हाही टीचरनीच वाचलं होतं आणि बोलता बोलता काजूवाल्यांच्या सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन आल्या होत्या. मी हसत विचारलं, टीचर, एकच माणूस दोनदा कसा मेला? मस्करीच होती. पेपरची घडी घातल्याचा आवाज तेवढा आला.

‘माका दिसणा नाय गो,’ त्या म्हणाल्या. ‘मोठी अक्षरा पण दिसणत नाय.’

मग सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, गेलेलं परत यायचं नाही. दिवसभर बस स्टॉपवर, चर्चच्या दारात जे कानावर पडेल ते त्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी पेपर समोर धरून मला वाचून दाखवायच्या. कमी पडेल ते मनाचं. मुलाला पत्ता लागू दिला नव्हता. लागला असता तर तो घराला कुलूप घालून त्यांना गोव्याला घेऊन गेला असता, आणि तिथल्या चौथ्या मजल्यावर आपण मरू, अशी त्यांची खात्री होती.

‘मगे आता मी येवचा कित्याक?’ त्यांनी विचारलं.

खोटं वाचा पण या, असं मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच. म्हटलं, मी तुम्हाला फोन शिकवते.

शिक्षिकेला शिकवण्याइतकं कठीण काम नाही. फोन स्वल्पविरामाला थांबत नाही म्हणून त्या त्याला झापायच्या. निधनवार्ता आणि काजूचा दर एकाच सुरात वाचतो, मेल्याला लाज नाही, म्हणायच्या. पण शिकल्या. नाताळात मुलगा आला तेव्हा त्यांनी डोळ्यांचं त्याला स्वतःच सांगितलं. मग गोळ्यांचं पाकीट फोनसमोर धरून नाव वाचून घेतलं, गोव्याच्या सुनेला आपला आपण फोन लावला. मुलगा चार दिवस बघत राहिला आणि एकटाच परत गेला. टीचर आपल्या घरात राहिल्या. मला त्याचा आनंद आहे, अगदी खरा.

त्यांचं येणं मात्र थांबलं. संध्याकाळी त्यांना पायरीही दिसेनाशी झाली, आणि पेपर आता त्यांच्याही पडवीत बोलतो. गडग्याच्या अलीकडे माझा फोन, पलीकडे त्यांचा, दोन्हीत बोलणारी बाई तीच, पेपर तोच. माझा अग्रलेख रोज पुरा होतो. त्यानंतर संध्याकाळ फार मोठी असते. इतका एकटेपणा मला डोळे गेले तेव्हाही वाटला नव्हता.

परवा मी माझा फोन मध्येच बंद केला. पलीकडचा चालू होता, निधनवार्ता चालली होती. मालवणचं कोणीतरी गेलं होतं. फोनने नाव सांगितलं, वय सांगितलं आणि पुढच्यावर गेला. मग तोही बंद झाला. मी काठी घेतली. काळोखाची मला जुनी सवय आहे, टीचरना अजून व्हायची आहे. गडग्याच्या कडेकडेने जाऊन त्यांच्या खळ्यात उभी राहिले आणि हाक मारली, ‘आसात काय टीचर घरात?’

‘आसंय,’ आतून आवाज आला. ‘तो गेलो तो कोणाचो कोण, ता माका म्हायत आसा. ये.’