लालबाग ते गिरगाव, दोन अबोल शेतकरी भावांसोबत

मनजीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची हरियाणातली, कर्नालजवळच्या गावची, पण इतकी वर्षं इथे राहून माझ्यापेक्षा फास्ट मराठी बोलते. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी ती दारात उभी राहिली.

"सुजाता, माझे दोन भाऊ येतायत. शनिवार-रविवार माझी ड्युटी आहे. तू फिरवशील त्यांना?"

ती वाक्य संपवेपर्यंत माझ्या डोक्यात रस्ता ठरला होता. कुणाला लालबाग, गिरगाव दाखवायचं म्हटलं की मला भान राहत नाही, हे या ब्लॉगच्या मोजक्या वाचकांना माहीत आहेच. नवऱ्याला इतक्या वेळा दाखवून झालंय की तो आता माझ्यासोबत फिरायचं म्हटलं की आजारी पडतो.

"एक लोचा आहे," मनजीत म्हणाली. "ते एकमेकांशी बोलत नाहीत."

तिने सांगितलं ते असं. गावाकडे पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात गहू, वर्षानुवर्षं तेच. भात कापला की पेंढा शेतात उरतो आणि गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. म्हणून लोक पेंढा जाळतात. मोठा भाऊ गुरमेल म्हणतो, जाळायचा नाही, त्या पेंढ्यातच गहू पेरणारं मशीन आहे, ते लावायचं. धाकटा हरदीप म्हणतो, तो प्रकार एकदा करून आपण हात पोळून घेतलेत. गेल्या वर्षी गुरमेल दोन दिवस बाहेरगावी गेला आणि हरदीपने काडी लावली. तेव्हापासून अबोला.

"आता मोठ्याने जमिनीची मोजणी मागितलीय," मनजीत म्हणाली. "वाटणी झाली तर आई कुणाकडे राहणार, ते कुणी बोलतच नाही. भात उभा आहे, कापणीला महिना आहे, म्हणून दोघांना बोलावून घेतलं. एकमेकांना न सांगता."

शेतीतलं मला काय कळतं म्हणाल, तर भात कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होतो. पण मी तिला म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी करते काहीतरी."

शनिवारी सकाळी परळहून चालतच निघालो. मी मध्ये, दोघे दोन बाजूंना. गुरमेल उंच, दाढी पिकलेली. हरदीप अंगाने आडवा, सारखा फोन बघणारा. (लालबागला जाणार असाल तर असंच सकाळी जा. पायात साधी चप्पल घाला. मी नवी सँडल घातली होती, त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशीपर्यंत भोगली.) मसाल्याच्या दुकानांपाशी आलो आणि मी गिरण्यांचा इतिहास सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मसाला कुटायच्या डंकात लवंगी मिरची पडली. पुढचा सगळा इतिहास मी शिंकांमध्ये सांगितला. रुमाल जवळ ठेवा.

"दीदी, याला सांगा, नाकाला पगडीचं टोक लाव," गुरमेल म्हणाला.

हरदीप हातभर अंतरावर होता. तरी मी सांगितलं.

"यांना सांगा, माझं नाक मला सांभाळता येतं."

तेही सांगितलं. ही माझी दोन दिवसांची नोकरी. दोघे हिंदीत बोलायचे, मध्येच पंजाबीत घसरायचे. माझी हिंदी टॅक्सीवाल्याशी भांडण्यापुरती.

चिवडा गल्लीतून पिशव्या भरून बसने हिंदमाताला गेलो. बायकांसाठी ड्रेसचं कापड घ्यायचं होतं. दोघे दुकानाच्या दोन टोकांना बसले आणि बऱ्याच वेळाने दोघांनी एकच कापड निवडलं, हिरवं, बारीक बुट्ट्यांचं. एका घरात दोन सारखे ड्रेस चालणार नाहीत, हे मला कळत होतं. मी दुसरं सुचवलं. कुणीच मागे हटेना. दुकानदाराने ताग्यातून दोन्ही फाडून दिली आणि पिशव्या उचलल्या मी. संध्याकाळी मनजीतला म्हटलं, "खरेदी झाली. समेट झाला नाही."

रविवारी टॅक्सीने गिरगाव. खोताच्या वाडीतली लाकडी घरं दाखवली. (गल्लीत माणसं राहतात, खिडकीत कॅमेरा घालू नका. मी एकदा घातला होता, आतून एका आजींनी पडदा ओढला.) सँडलने टाच सोलल्यामुळे पुढचा कार्यक्रम रद्द करून मी दोघांना जवळच्या जुन्या उपाहारगृहात घेऊन गेले. तीन मिसळ, तीन पियूष. टेबल लहान असल्यामुळे दोघांना समोरासमोर बसावं लागलं.

मिसळीने गुरमेलची जीभ मोकळी झाली. "दीदी, याला सांगा, जमीन थकलीय. खत वाढवत नेलं तरी पीक तेवढंच. भातासाठी दरवर्षी चिखल करून करून खालचा थर दगडासारखा झालाय. गव्हाची मुळं खाली जात नाहीत."

मी हरदीपकडे वळले. "ते म्हणतात, शेतात दगड फार झालेत."

हरदीपने चमचा खाली ठेवला. "आमच्या शेतात? एक दगड दाखवा म्हणावं. आणि त्या वर्षी काय झालं तेही सांगा. मशीन उशिरा मिळालं. पेंढा दवाने ओला, तो मशीनमध्ये अडकला. गहू ठिगळाठिगळाने उगवला, वर उंदीर झाले."

मी मान डोलावली आणि गुरमेलला सांगितलं, "गहू दवाने भिजला आणि मशीन उंदरांनी खाल्लं."

गुरमेलची दाढी हलायला लागली. "मशीन खाल्लं," तो म्हणाला, आणि हे तो माझ्याकडे बघून म्हणाला नाही.

"लोखंडी मशीन," हरदीप त्याला म्हणाला.

दोघे हसले. मी पण हसले, कशावर ते मला नंतर मनजीतने समजावलं.

मग मला नीट समजावून सांगायच्या निमित्ताने दोघे बोलायला लागले. फरसाणाचा पेंढा झाला, पावाचा तुकडा मशीन झाला. हळूहळू मी बाजूला पडले आणि आवाज चढले. गल्ल्यावरचे काका चष्म्यावरून बघायला लागले.

"आपल्या बापूंच्या वेळी बोअरचं पाणी वर होतं," गुरमेल म्हणाला. "मी दोनदा मोटर खाली उतरवली. तिसऱ्यांदा उतरवली तर खाली पाणी असेल का, ते सांग."

"आणि गहू बुडाला तर? प्रयोग तू करतोस, झोप माझी जाते."

"मग मला विचारायचं होतंस. मी नसताना काडी का लावलीस?"

हरदीप बराच वेळ पावाचा तुकडा फिरवत राहिला. "भीती वाटली," तो म्हणाला. "पेरणीचे दिवस संपत होते. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

गुरमेलने आपलं पियूष उचलून हरदीपसमोर ठेवलं. हरदीप ते प्यायला. मी दोघांकडेही बघायचं टाळून मेन्यूकार्ड वाचत बसले. ते एकाच पानाचं होतं.

थोड्या वेळाने गुरमेल म्हणाला, "कालव्याकडचं शेत घेऊ. अर्धं माझ्या पद्धतीने, अर्धं तुझ्या. पण काडी नाही. तुझ्या अर्ध्यातला पेंढा गाठोडी बांधून बाहेर काढू, मग नांगर."

"मशीन आत्ताच सांगून ठेवायचं. आणि दुपारी चालवायचं, दव सुकल्यावर."

"ठीक."

"आणि मोजणी?"

"अर्धं करायचं तर मोजावं लागेलच," गुरमेल म्हणाला. "दोरीने मोजू. तू एक टोक धर."

बिल द्यायला मी पर्स उघडली, तर दोघांनी मला एकाच वेळी गप्प केलं. चौपाटी राहूनच गेली. परतीच्या टॅक्सीत दोघे मागे बसून पंजाबीत बोलत होते. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्यावरच्या इमारतींची माहिती देत होते. ड्रायव्हरने ऐकली.

त्यानंतर मी नेहमीसारखी ऑफिसला जात होते आणि अधूनमधून मनजीतकडून बातमी काढत होते. मशीन वेळेवर आलं. थंडीत तिने फोटो दाखवला: पिवळ्या पेंढ्यातून हिरवी पाती वर आली होती. मला फोटोतलं काही कळलं नाही, पण मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला आणि भातापायी खाली गेलेल्या पाण्याच्या पातळीवर भाषणही दिलं. आता डब्यात भात आणला की सहकारी मला आधी विचारतात, खाऊ का.

एप्रिलमध्ये पीक निघालं. दोन्हीकडे जवळजवळ सारखं. गुरमेलच्या बाजूला नांगरणीचं डिझेल वाचलं, एक पाणी कमी लागलं. उंदीर मात्र झाले होते, हे हरदीपने आवर्जून कळवलं. यंदा थोड्या जागेत भातही चिखल न करता पेरून बघणार आहेत. वाटणीचं कुणी काढत नाही.

मेमध्ये मनजीत गावाहून आली ती दोन पिशव्या गहू घेऊन. एका पिशवीला लाल दोरा, एकीला निळा. निरोप होता, दीदी कुणाच्या बाजूची नाही, तिने दोन्हीच्या चपात्या करून सांगावं कोणाचा गहू चांगला. मी काळाचौकीच्या गिरणीत दोन्ही पिशव्या दिल्या आणि शेजारी भाजी घ्यायला गेले. परत आले तेव्हा गिरणीवाला समाधानाने म्हणाला, "ताई, एकाच डब्यात दळून दिलंय. वेगळं कशाला?"

घरी येऊन पहिली चपाती भाजून चाखली, मग हरदीपला फोन लावला आणि सांगून टाकलं. पलीकडून दोघांचं हसणं एकदमच ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता.

"चव कशी आहे?" हरदीपने विचारलं.

"चांगली आहे."

"विचार तिला, कोणाची?" मागून गुरमेल म्हणाला.

"मिसळलंय म्हणाली ना ती."

"तरी सांगता येतं. माझ्या गव्हाची चपाती मऊ राहते."

"कुणी सांगितलं तुला?"

मला दोघेही विसरले. मी फोन ओट्यावर ठेवला आणि त्यांचं भांडण ऐकत चपात्या लाटत राहिले.