फ्रिजवरची चिठ्ठी

स्टेथोस्कोप आधी काखेत धरून गरम करायच्या, मगच पेशंटच्या छातीला लावायच्या. दवाखान्याच्या दारातच बूट काढून लोकरीच्या सपाता घालायच्या. कुणी बर्फाळ बुटांनी आत आलं तर बोलायच्या नाहीत, नुसतं त्याच्या पायांकडे बघायच्या. घसा तपासून झाला की खिडकीशी जाऊन रेल्वेच्या रुळांकडे बघत उभ्या राहायच्या, मग उत्तर द्यायच्या. गाडी चालवताना सूर्यफुलाच्या बिया खायच्या आणि टरफलं कॉफीच्या रिकाम्या कपात टाकायच्या. ‘बघू’ म्हणायच्या नाहीत. ‘थांबू’ म्हणायच्या.

डॉ. आर्डिथ सॉचक आमच्या लिंडेल गावच्या एकुलत्या एक डॉक्टर. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या या टोकाला डॉक्टर येतात आणि दोन हिवाळ्यांत पळून जातात. त्या इथेच जन्मल्या, शिकून परत आल्या आणि राहिल्या.

साहित्याची पदवी घेऊन मी गावी परतले तेव्हा मला कुठेच काम नव्हतं. त्यांनी मला दवाखान्याच्या फोनवर बसवलं. “कविता वाचणाऱ्याला दुसऱ्याचा खोकला नीट ऐकता येतो,” म्हणाल्या. दुपारी गर्दी ओसरली की आम्ही सँडविच खात पुस्तकांवरून भांडायचो. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या होत्या. तरी या गावात मैत्रीण म्हणावी अशा मला त्याच.

त्यांचा हट्ट एकच होता. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही, आणि डॉक्टरनं काही न देणं हाही इलाज असतो, एवढं गावानं मान्य करावं. गाव ऐकत नव्हतं. पोरांना बर्फावरची हॉकी शिकवणारा ग्लेन तर मुळीच नाही.

“शनिवारी मॅच आहे डॉक्टरबाई. पोराला काहीतरी जालीम द्या.”

“झोप दे त्याला. झोपेइतकं जालीम काही नाही.”

“झोप माझ्या घरी आहे हो. गोळ्या तुमच्याकडे आहेत.”

असं दिवसभर. कुणी दार आपटून जायचं, कुणी माझ्यावर फोनवर ओरडायचं. “म्हातारीचे हात आखडलेत,” असं पोस्टातली लॉर्ना सगळ्यांदेखत म्हणाली. लॉर्ना त्यांच्या वर्गातली.

शेवटी डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. त्या चिठ्ठी लिहून द्यायच्या, पण घडी घालून. घडीवर मोठ्या अक्षरात वार लिहायच्या. “फ्रिजवर लाव. गुरुवारपर्यंत उतार पडला नाही तरच गोळ्या आण. पडला तर फाडून टाक.” त्यांच्याकडे जुन्या चुंबकांचा एक डबा होता. प्रत्येक चिठ्ठीबरोबर एक चुंबक द्यायच्या.

लोक खूश झाले. दार आपटणं थांबलं. ज्या घरी जावं तिथे फ्रिजवर चुंबक दिसायचं आणि चिठ्ठी नसायची.

“बघ, फाडतात लोक,” त्या मला म्हणाल्या. “माणसाला थोडा वेळ दिला की शहाणपण येतं.” त्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी जरा जास्तच गप्पा मारल्या.

मार्चमध्ये लॉर्नाचा फोन आला. तिच्या शेजारच्या तेक्ला मावशी अंथरुणातून उठत नव्हत्या. जुलाब थांबत नव्हते.

डॉक्टर लहान असताना त्यांची आई शाळेत शिकवायला जायची, आणि त्या दिवसभर तेक्ला मावशींच्या स्वयंपाकघरात असायच्या. पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, पीठ मळायला त्या तिथे शिकल्या. मला म्हणाल्या, “चल बरोबर.” बुटांच्या नाड्या न बांधताच निघाल्या.

मावशींचं तोंड वाळलं होतं. डॉक्टर त्यांना पाणी द्यायला वळल्या आणि फळीसमोर थांबल्या. फळीवर बीटच्या लोणच्याच्या बरण्या होत्या, जॅमच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये औषधाच्या नारिंगी बाटल्या. एकीवर लॉर्नाचं नाव. एकीवर ग्लेनच्या मुलाचं. एकीवर पाद्रीबुवांचं. प्रत्येक नावाखाली औषधवाल्यानं छापलेलं: डॉ. आ. सॉचक.

“मावशी, हे काय आहे?”

“खोकला होता ना मला. बिचारे सगळे घेऊन आले. एक संपली की दुसरी घेतली. वाया कशाला घालवायचं?”

“मला का नाही बोलावलंत?”

“तू काही देत नाहीस, बाळा.”

लॉर्ना दारात उभी होती. डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “चिठ्ठी फ्रिजवर लावायची होती ना, लॉर्ना?”

“अगं, औषधाचं दुकान पन्नास किलोमीटरवर. वादळ आलं की रस्ता बंद. चिठ्ठी हातात असताना गुरुवारची वाट कोण बघतं? सगळे त्याच दिवशी घेऊन येतात. बरं वाटलं तर ठेवून देतात. घरात असलेलं बरं.”

घरात असलेलं बरं. या गावात काहीच टाकत नाहीत. फ्रीझरमध्ये मागच्या मागच्या शिकारीचं मांस असतं. डॉक्टरांच्या स्वतःच्या तळघरात त्यांच्या आईनं भरलेल्या बरण्या होत्या, आणि आई जाऊन किती वर्षं झाली होती. परत येताना गाडीत त्यांनी बिया खाल्ल्या नाहीत. “इथलीच आहे मी,” म्हणाल्या. “मला कळायला हवं होतं.”

मावशींना सॅस्कटून शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्यांनी सांगितलं, इतक्या गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतू मेले आणि मागे राहिलेला एक वाईट माजला. आठवडाभरात मावशी गेल्या. खोकला आपोआप बरा झाला असता.

हॉकीच्या रिंकच्या कॅन्टीनमध्ये मी कॉफीच्या रांगेत उभी होते. ग्लेन मोठ्यानं बोलत होता.

“आधी गोळ्या देत नव्हती. दिल्या तर या असल्या.”

“बाटल्यांवर नाव तिचंच होतं म्हणे,” कुणीतरी म्हणालं.

“सगळ्या बाटल्यांवर,” लॉर्ना म्हणाली.

बाटल्या नेऊन कुणी दिल्या, हा विषय कुणी काढला नाही. मी बोलायला हवं होतं असं मला वाटलं. पण माझा नंबर आला, आणि मी कॉफी घेतली.

डॉक्टरांनी आइस्क्रीमची रिकामी बादली घेतली. पांढरी, झाकणाची. आमच्याकडे घरोघरी असते ती. बेरी तोडायला, कुत्र्याचं खाणं ठेवायला. दवाखाना बंद झाला की त्या दारोदार जाऊन उरलेल्या गोळ्या मागू लागल्या. आधी रुळांच्या उत्तरेची घरं, मग दक्षिणेची, असं त्यांनी ठरवलं होतं. कधी कधी मी बरोबर जायचे.

“त्या तेवढ्या राहू द्या डॉक्टरबाई,” ग्लेन म्हणाला. “कुत्र्यासाठी ठेवल्यात.”

“काय झालंय कुत्र्याला?”

“अजून काही नाही.”

त्यांनी बादली पुढे धरली आणि त्याच्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. ग्लेननं बाटली टाकली. लॉर्नानं एक बाटली दिली आणि कपाट इतक्या घाईनं लावलं की आतल्या बाकीच्या खुळखुळल्या. डॉक्टरांनी ते ऐकलं. “उद्या परत येते,” म्हणाल्या. गेल्याही. लॉर्नानं दार उघडलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागलं. उत्तरेची घरं संपली. दुपारी त्या एकट्याच दक्षिणेकडे निघाल्या. फाटकाशी धान्याची मालगाडी लागली. ती लांबलचक गाडी गेली, फाटक वर झालं, पण त्यांची मोटार हलली नाही. मागे ग्लेनचा ट्रक होता. तो हॉर्न वाजवत राहिला. बराच वेळ वाजवत राहिला, असं तोच सांगतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. पेरोगी, हॅम, सात तऱ्हेचे केक. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. निम्मे लोक खोकत होते.

“देवमाणूस,” ग्लेन म्हणाला.

“कुणाला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही तिनं,” लॉर्ना म्हणाली, आणि खरोखर रडली.

मला ठसका लागला. केकचा तुकडा घशात अडकला होता. लॉर्नानं डोळे पुसले, पर्स उघडली आणि नारिंगी बाटली माझ्या हातात ठेवली.

“घे, पोरी. तिच्याच हातची आहे, चांगली असणार. आता आपल्याला डॉक्टर कुठला.”

नवीन डॉक्टर अजून आलेला नाही. फोन मी घेते. लोक विचारतात, कधी येणार. मी म्हणते, माहीत नाही. “बरं, मग घरात काय आहे ते बघतो,” असं म्हणून फोन ठेवतात.

त्यांच्या मोटारीतलं सामान माझ्याकडे आलं. लोकरीच्या सपाता, टरफलांचा कप, बादली. बादली माझ्या टेबलाखाली आहे. लॉर्नाची बाटली तिच्यात वरच पडली आहे. झाकण बसतं, कारण बादली अर्धीच भरली आहे. रुळांच्या दक्षिणेचं एकही घर झालेलं नाही.